गणितातली पोस्टडॉक-प्राध्यापकी शोधताना: या सीझनला अर्ज करू की एक वर्ष थांबू?

अर्धवट_सिद्धता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

नंबर थिअरीत पीएचडी करतेय. (मराठीत अंकशास्त्र म्हटलं की लोक जन्मतारीख सांगायला लागतात, म्हणून नंबर थिअरीच.) सप्टेंबरपासून पाचवं वर्ष सुरू होईल. एक पेपर अर्काइव्हवर (arXiv, छापण्याआधी पेपर टाकायची साइट) आहे, तोच अकरा महिने एका जर्नलकडे पडून आहे. दुसरा जवळजवळ झालाय. म्हणजे एक लेमा (मुख्य प्रमेयासाठी लागणारं छोटं प्रमेय) सोडून सगळं लिहून झालंय आणि खरं सांगायचं तर तो लेमा म्हणजेच पेपर आहे. तिसरा एका सहलेखकाबरोबर, तो अजून फळ्यावरच.

अमेरिकेतल्या बऱ्याचशा मुदती नोव्हेंबरात असतात. म्हणजे माझ्या हातात जेमतेम पाच महिने. यंदा पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी) अर्ज करू की सहावं वर्ष घेऊन पुढच्या सीझनला? गाइडना विचारलं तर म्हणाले, "तुझं तू ठरव." सीव्ही, रिसर्च स्टेटमेंट, टीचिंग स्टेटमेंट, शिफारसपत्रं ही यादी पाठ आहे. यादीत नसतं ते सांगा.

काडीपेटी

आधी तो लेमा सिद्ध करा, मग बोलू. (पळतो)

एप्सिलॉन

काडीपेटीला +१, पण गंभीरपणे. सीव्हीत 'तयारीत असलेले पेपर' असा मथळा देऊन खाली पाच शीर्षकं लिहिणारे लोक पाहिलेत. वाचणाऱ्याला तिथे एकच दिसतं, की हे पाचही झालेले नाहीत. अर्काइव्हवर आहे ते काम, बाकीचं स्वप्न. जर्नलच्या अकरा महिन्यांचं मात्र मनाला लावून घेऊ नका. गणितात रेफरी (जर्नलसाठी पेपर तपासणारा) वर्षभर घेतो, कधी दोन वर्षं, आणि हे निवड समितीतल्या प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवावरून माहीत असतं. प्रीप्रिंट उघडून वाचतात लोक.

खडूफळा

गेली काही वर्षं आमच्या विभागाच्या पोस्टडॉक समितीवर आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. लांबेल.

मॅथजॉब्सवर (गणितातल्या नोकऱ्यांच्या अर्जांची साइट) आमच्याकडे एकेका जागेसाठी काही शे अर्ज येतात. सगळे अर्ज सगळे जण वाचत नाहीत, वाचूच शकत नाहीत. पहिल्यांदा अर्ज विषयवार वाटले जातात. तुम्ही भरलेला एमएससी क्रमांक (पदवी नव्हे, मॅथेमॅटिक्स सब्जेक्ट क्लासिफिकेशन, म्हणजे विषयाचा क्रमांक) इथे कामाला येतो: ११ म्हणजे नंबर थिअरी, १४ म्हणजे अल्जिब्राइक जॉमेट्री, ३५ म्हणजे पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स). दोन विषयांच्या सीमेवर काम असेल तर मुख्य क्रमांक कोणता द्यायचा हा विचार दहा मिनिटं तरी करा, कारण अर्ज कुणाच्या टेबलावर पडणार ते त्यावर ठरतं. मग नंबर थिअरीवाली दोन-तीन माणसं तो गठ्ठा चाळतात आणि त्यांच्यापैकी कुणीतरी बैठकीत म्हणावं लागतं की मला ही व्यक्ती हवी आहे. असं म्हणणारं कुणी नसेल तर कितीही देखणा अर्ज मधल्या ढिगात राहतो. वाईट ठरत नाही, फक्त कुणी उचलत नाही.

तो उचलणारा माणूस सगळ्यात आधी पत्रं वाचतो. तीन संशोधनाची आणि एक शिकवण्याचं, असा साधारण रिवाज. गाइडचं पत्र असणारच आणि ते चांगलं असणार हे धरूनच चालतात. वजन पडतं ते तुमच्या विद्यापीठाबाहेरच्या माणसाच्या पत्राने. त्याला तुमची बाजू घेण्याचं काही कारण नसतं, तरी तो लिहितो की या मुलीने अमुक प्रश्नात अमुक अडथळा काढला. ते पत्र कुणाकडून येणार, हे आज तुम्हाला माहीत नसेल तर तुमची तयारी तिथून सुरू होते. स्टेटमेंट ऑक्टोबरात चार रात्री जागून लिहिता येतं. ओळख ऑक्टोबरात करायला निघालात तर तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार.

शिकवण्याच्या पत्राबद्दलही हेच. ते लिहिणाऱ्याने तुमचा तास प्रत्यक्ष पाहिलेला असावा. "विद्यार्थ्यांना त्या आवडतात" एवढंच लिहिलेलं पत्र म्हणजे पत्र नसल्यासारखंच. आत्ताच कुणाला तरी सांगा, सप्टेंबरात माझ्या वर्गात मागे येऊन बसा.

अर्धवट_सिद्धता

खूप धन्यवाद, खडूफळा. हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेरचं म्हणाल तर ज्यांचं प्रमेय मी पहिल्या पेपरात वापरलंय, त्यांना एका कॉन्फरन्सला भेटलेय. पोस्टरसमोर पाच मिनिटं उभे होते, मान डोलावली आणि गेले. त्यांना काय म्हणून लिहू? "माझ्यासाठी पत्र द्याल का" असं थेट?

वक्ररेषा

अजिबात नको! थेट पत्र मागू नका.

मी असं केलं होतं. पहिल्या मेलमध्ये पेपर जोडला आणि लिहिलं, "आपला अभिप्राय मिळाल्यास आभारी राहीन." उत्तर नाही. अभिप्राय या शब्दाला उत्तर देणं म्हणजे चाळीस पानं वाचणं, कोण वाचणार? तीन महिन्यांनी परत लिहिलं, यावेळी एकच प्रश्न: तुमच्या प्रमेयातली ही अट माझ्या उदाहरणात तुटते, पण निष्कर्ष तरीही खरा दिसतोय, हे तुम्हाला माहीत होतं का? दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर. तेही लांबलचक. मग त्यांच्या सेमिनारला बोलावलं, आणि वर्षभराने पत्र मागायची वेळ आली तेव्हा मागणं अवघड गेलं नाही. या सगळ्याला दीड वर्ष लागलं, हेही लिहून ठेवते.

आणि पत्र मागताना "पत्र द्याल का" असं न विचारता "माझ्या कामाबद्दल भरभरून लिहिता येईल इतकी ओळख आहे असं तुम्हाला वाटतं का" असं विचारा. समोरच्याला मानाने नाही म्हणायची वाट ठेवायची. कोमट पत्रापेक्षा नकार परवडला.

मागचा_बाक

वाचून कंटाळा आला. म्हणजे शेवटी वशिलाच ना? नाव वेगळं, 'नेटवर्किंग'. गणितात तरी काम बोलायला हवं. यीतांग झांगला कोण ओळखत होतं? त्याने प्रमेय सिद्ध केलं, जग चालत आलं.

निवृत्त_खडू

मागचा_बाक, झांग यांचं उदाहरण दर वर्षी कुणीतरी देतंच, म्हणून तारखा देतो. पीएचडी १९९१. त्यानंतर कित्येक वर्षं विद्यापीठात जागा नाही. हिशेबनिशी केली, सँडविचच्या दुकानात काम केलं. १९९९ च्या सुमारास न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवायला लागले. आणि लगतच्या मूळ संख्यांमधलं अंतर ७ कोटींपेक्षा कमी असण्याचा प्रसंग अनंत वेळा येतो, हे प्रमेय आलं २०१३ मध्ये. मध्ये बावीस वर्षं गेली. काम बोललं हे खरं. पण 'तोपर्यंत थांबा' हा सल्ला मी कुणाच्या लेकीला देणार नाही.

काम आपोआप बोलतं असं मानणाऱ्यांसाठी आणखी एक. ग्रासमान शाळामास्तर होते, त्यांनी १८४७ मध्ये विद्यापीठातल्या जागेसाठी सरकारकडे अर्ज केला. सरकारने गणितज्ञ कुमर यांचं मत मागवलं. कुमर यांनी कळवलं, मजकूर चांगला आहे पण मांडणी सदोष. जागा मिळाली नाही, ग्रासमान जन्मभर शाळेतच शिकवत राहिले. आज रेषीय बीजगणिताच्या मुळाशी त्यांचं काम आहे. ऑयलरलासुद्धा १७२७ मध्ये बाझेलला भौतिकशास्त्राची जागा नाकारली होती. विशीच्या उंबरठ्यावरचा पोरगा, गेला सेंट पीटर्सबर्गला.

मागचा_बाक, वशिला म्हणजे काम न बघता दिलेला शब्द. इथे लोक काम बघून शब्द देतायत. फरक आहे.

मागचा_बाक

निवृत्तकाका, मान्य. पण बघायला मिळण्यासाठीच ओळख लागते हे तरी कबूल करा. ज्याचा गाइड नामांकित त्याचं सगळेच बघतात.

निवृत्त_खडू

कबूल. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एप्सिलॉन

कुमरचा तो शेरा प्रत्येक रिसर्च स्टेटमेंटच्या माथ्यावर लिहून ठेवायला हवा. मी माझी चार जुनी स्टेटमेंट्स परवा काढून वाचली. पहिल्यात पहिलं वाक्य "समजा के ही नंबर फील्ड आहे" असं होतं. समजा की नोकरी मिळाली नाही. :)

जे नंतर चाललं त्यात पहिलं पान कुठल्याही गणितज्ञाला कळेल असं होतं: प्रश्न काय, लोकांना तो का हवा आहे, आधी कुठे अडलं होतं, मी नेमकं काय सिद्ध केलं. प्रमेय चौकटीत, माझं नाव घालून. दुसऱ्या पानापासून विषयवाल्यांसाठी. शेवटी पुढचं काम, त्यात एक प्रश्न येत्या वर्षात होण्याजोगा आणि एक मोठा. सगळेच प्रश्न मोठे लिहिले तर वाचणारा म्हणतो हिला अंदाज नाही. सगळेच छोटे लिहिले तर म्हणतो हे गाइडने दिलेत. तीन ते पाच पानं, संदर्भ सोडून. आणि विषयाबाहेरच्या मित्राला वाचायला द्या. माझी टोपॉलॉजीवाली मैत्रीण दुसऱ्या परिच्छेदाशी थांबली तेव्हा कळलं की समितीही तिथेच थांबत होती.

सहलेखकांच्या क्रमाचं: आपल्याकडे नावं वर्णानुक्रमे लागतात हे गणितवाल्यांना माहीत असतं. पण छोट्या कॉलेजात डीन दुसऱ्या शाखेचा असतो आणि त्याला 'पहिला लेखक' हवा असतो. तिथे सीव्हीत एक ओळ खुलाशाची टाकावी.

काडीपेटी

माझं आडनाव 'अ' वरून आहे. कुठेही खुलासा टाकलेला नाही, टाकणारही नाही.

गोंधळलेला_फंक्टर

धाग्यात घुसतोय, माफी. जाहिरातींत असिस्टंट प्रोफेसर, इन्स्ट्रक्टर, लेक्चरर, फेलो असं काय काय असतं. यातलं पोस्टडॉक कुठलं आणि कायमचं कुठलं?

खडूफळा

नावावर जाऊ नका, 'टेन्युअर ट्रॅक' (पुढे कायम होण्याची वाट असलेली जागा) हे शब्द आहेत का ते बघा. अमेरिकेत मोठी विद्यापीठं पोस्टडॉकला जुन्या गणितज्ञांची नावं देतात: एमआयटीला मूर इन्स्ट्रक्टर, शिकागोला डिक्सन इन्स्ट्रक्टर, यूसीएलएला हेड्रिक, स्टॅनफर्डला सेगो. शेवटच्या दोन्हीत असिस्टंट प्रोफेसर असं लिहिलेलं असलं तरी ती ठरावीक मुदतीचीच पदं. घरी फोन करून 'प्रोफेसर झालो' सांगायला हरकत नाही, फक्त मुदत सांगू नका.

लेक्चररचं तर उलटंपालटं आहे. ब्रिटनमध्ये लेक्चरर म्हणजे साधारणपणे कायमची जागा, संशोधनासकट. अमेरिकेत तोच शब्द बहुतेक वेळा निव्वळ शिकवण्याच्या पदाला.

परदेशी_पाहुणा

युरोपबद्दल थोडं, कारण इथे सगळे नोव्हेंबर-नोव्हेंबर करतायत. युरोपात एकच सीझन नाही, जागा वर्षभर येत राहतात आणि प्रत्येक देशाचं घड्याळ वेगळं. मारी क्युरी फेलोशिपची (युरोपीय संघाची पोस्टडॉक फेलोशिप) मुदत सप्टेंबरात असते, म्हणजे यजमान प्राध्यापकाशी बोलणी उन्हाळ्याआधीच व्हायला हवीत. शिवाय आधीच्या ३६ महिन्यांत १२ हून जास्त महिने यजमान देशात राहिलेलं चालत नाही. फ्रान्समध्ये विद्यापीठाच्या कायम जागेसाठी आधी राष्ट्रीय समितीची पात्रता काढावी लागते (गणिताचे विभाग २५ आणि २६), आणि ती कागदपत्रं शरद ऋतूत द्यायची असतात. विसरलात तर वसंतातल्या जागा नुसत्या बघत बसायच्या. जर्मनीत मुदतीच्या करारांवर सर्वसाधारणपणे पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षं. त्यानंतर कायमची जागा नाही तर दुसरी वाट.

धागाकर्तीसाठी यातला मुद्दा असा: ही घड्याळं बहुतेक ठिकाणी पदवीच्या तारखेपासून चालू होतात. मारी क्युरीलाही पीएचडीनंतर ८ वर्षांची मर्यादा आहे. विद्यार्थी म्हणून घालवलेलं सहावं वर्ष कुणी मोजत नाही. पोस्टडॉक म्हणून घालवलेलं प्रत्येक वर्ष मोजतात.

वक्ररेषा

हे फार महत्त्वाचं बोललात. मी पाच वर्षांत पीएचडी 'वेळेत' संपवून खूश होते. दुसऱ्या पोस्टडॉकच्या अर्जाला कळलं की माझी तुलना सहा वर्षं घेऊन चार पेपर घेऊन आलेल्यांशी चाललीय. पाच वर्षांत संपवल्याबद्दल शाबासकी कुठेच मिळत नाही.

दोन_शहरं

आम्ही दोघंही गणितात. लग्नाला नऊ वर्षं, एका शहरात एकूण साडेतीन. सल्ला एकच: जोडीदाराचा विषय अर्जात काढू नका, मुलाखतीतही काढू नका, हातात लेखी ऑफर आली की त्याच दिवशी काढा. तेव्हा विभागाला तुम्ही हव्या असता आणि डीनकडे जायला त्यांच्याकडे कारण असतं. आम्ही पहिल्यांदा प्रामाणिकपणाच्या भरात मुलाखतीच्या जेवणावरच सांगून टाकलं. पुढचा फोन आलाच नाही. कारण तेच होतं का, कळायला मार्ग नाही.

काडीपेटी

न्यूटनने टू-बॉडी प्रॉब्लेम (दोन गोलांचा, नवरा-बायकोच्या दोन नोकऱ्यांचा नव्हे) सोडवला म्हणतात. मूल झालं की थ्री-बॉडी.

दोन_शहरं

हा विनोद प्रत्येक कॉन्फरन्सला ऐकलाय आणि मुलगी आता चार वर्षांची आहे. तरी हसले.

शून्यवत

सगळे आशावादी लिहितायत, म्हणून मी. दोन सीझन, एकूण १३० अर्ज, एक ऑनलाइन मुलाखत, शून्य ऑफर. एका विभागाचा नकार पुढच्या ऑगस्टात आला, तोवर मी दुसऱ्या नोकरीत पगारसुद्धा घेत होतो. जानेवारी-फेब्रुवारीत रोज रात्री ते जॉब्स विकी उघडून कुणाची नावं लागली ते बघायचो. त्या दोन महिन्यांत एक ओळ गणित केलं नाही. उघडू नका ते पान. ज्यांना तुम्ही हव्या असाल ते मेल करतील.

दुसरं, प्रोग्रामिंग शिकून ठेवा, आत्ता, मन शांत असताना. मी फेब्रुवारीत घाबरून शिकलो. आता एका कंपनीत ऑप्टिमायझेशन करतो, बरं चाललंय, खरंच. कधीतरी रविवारी जुना पेपर काढून वाचतो. पूर्वी कळायचं त्यातलं अर्धं कळत नाही.

निवृत्त_खडू

शून्यवत, लिहिलंत हे बरं केलंत.

एप्सिलॉन

जॉब टॉकबद्दल कुणी बोललं नाही. टेन्युअर ट्रॅकला पन्नास मिनिटांचं व्याख्यान असतं आणि समोरच्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना तुमचा विषय येत नाही, पण मत असतं. पहिली वीस मिनिटं त्यांची. तिथे एक उदाहरण पूर्ण, आकड्यांसकट करून दाखवा.

निवृत्त_खडू

व्याख्यानावरून आठवलं. रीमानने १८५४ मध्ये गॉटिंगेनला शिकवण्याचा अधिकार मिळवण्यासाठी व्याख्यान दिलं, त्यासाठी तीन विषयांची यादी द्यायची असे. रिवाजाने पहिला निवडला जायचा. रीमानची पहिल्या दोनांची तयारी होती. गाउसने तिसरा निवडला, भूमितीच्या पायाचा. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सांगतो, स्टेटमेंटमध्ये जे लिहाल त्यातलं काहीही विचारलं जाईल असं धरून चला. शोभेसाठी टाकलेल्या तिसऱ्या प्रश्नावरच बोट ठेवलं जातं.

आणि अर्धवट_सिद्धता, मूळ प्रश्न बाजूलाच राहिलाय. गाइडना चुकीचा प्रश्न विचारलात. "अर्ज करू का" याला कुठलाही सभ्य गाइड "तुझं तू ठरव" म्हणेल. असं विचारा: "तुम्ही आज माझं पत्र लिहायला बसलात तर काय लिहाल? आणि पुढच्या वर्षी बसलात तर?" मग गप्प राहा.

खडूफळा

काका, अगदी. माझी भर: सहाव्या वर्षाचे पैसे नक्की आहेत का हे विभागाकडून लेखी घ्या. ते नसेल तर वरची सगळी चर्चा व्यर्थ, यंदाच अर्ज करा. असेल तर यंदा 'सरावासाठी' साठ अर्ज करू नका. तीच माणसं पुढच्या वर्षी परत वाचणार, आणि पत्र लिहिणाऱ्यांचा उत्साह पहिल्या खेपेला जास्त असतो. फार तर चार-पाच, जिथे खरोखर जायला आवडेल आणि तुमच्या विषयाचं कुणी आहे.

काडीपेटी

धागाकर्ती गायब. लेमा गिळून बसली बहुतेक.

अर्धवट_सिद्धता

आहे आहे. तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी.

निवृत्तकाका, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. गाइड खिडकीबाहेर बघत राहिले. मला मध्येच काहीतरी बोलून टाकायचा मोह होत होता, पण गप्प राहिले. मग म्हणाले, "आज लिहिलं तर लिहीन की ही मेहनती आहे आणि पहिला पेपर चांगला आहे. पुढच्या वर्षी लिहिलं तर तिने काय केलं ते लिहीन." खोलीवर येऊन जरा रडले. पण ठरलं. थांबतेय. सहाव्या वर्षाचं शिकवण्याच्या कामासकट विभागाने मेलवर कळवलंय. यंदा अर्ज तीनच.

वक्ररेषा, त्या प्रमेयवाल्यांना एकच प्रश्न लिहून पाठवला. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: "हे मला माहीत नव्हतं. ऑक्टोबरात आमच्या सेमिनारला बोलशील का?" ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. सप्टेंबरात एक प्राध्यापिका माझा कॅल्क्युलसचा तास बघायला येणार आहेत.

वक्ररेषा

वा वा वा! सेमिनारचं व्याख्यान आधी दोनदा मोठ्याने म्हणून बघ. आणि कसं झालं ते इथे लिही.

काडीपेटी

ते सगळं ठीक. लेमा?

अर्धवट_सिद्धता

खोटा निघाला. प्रतिउदाहरण मीच शोधलं, रात्री दोन वाजता. त्या प्रश्नाच्या मेलमध्ये तेच होतं. एक अट वाढवली की चालतो, आणि त्या अटीसकट मुख्य प्रमेयाला पुरतो.

म्हणजे आता जवळजवळ झालाय.